पृष्ठमांडणीचे सॉफ्टवेअर आणि मराठी मजकुराची सुगम्यता : एक चिकित्सा

१९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरने पुस्तकाची पाने संगणकाच्या पडद्यावर जुळवण्याची सोय केली. या सॉफ्टवेअरचा मूळ हेतू छापील पान सुबक करणे हा होता. मजकूर चौकटींत विभागून पानावर कोठेही ठेवता येतो. परंतु डोळ्यांना दिसणारा क्रम आणि वाचनाचा क्रम एकच राहील, याची हमी या रचनेत नाही. अंध वाचकाची अडचण येथूनच सुरू होते.

मराठीच्या बाबतीत ही अडचण अधिक मूलगामी आहे. असंख्य मराठी ग्रंथ युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवले गेले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे अवयव बसवलेले असतात. पानावर 'शिक्षण' हा शब्द शुद्ध दिसतो. स्क्रीन रीडर मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक समूह उच्चारतो. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटतो, पण अंशतःच. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते आणि त्याच्या आधी दिसते. पीडीएफमध्ये अक्षराकृती सामान्यतः दृश्य क्रमाने साठवल्या जातात. मूळ मजकूर सोबत जोडलेला नसल्यास वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात.

इनडिझाईनच्या २०११ च्या आवृत्तीत वाचनक्रम ठरवण्याची आणि चित्रांना पर्यायी वर्णन देण्याची सोय आली. तथापि शीर्षक केवळ ठळक व मोठ्या टाइपात केलेले असेल, त्याला परिच्छेद-शैली दिलेली नसेल, तर ते शीर्षक आहे हे यंत्राला कळत नाही. तयार पीडीएफमध्ये केलेल्या दुरुस्त्या मूळ धारिकेत परतत नाहीत. एक मुद्रणदोष सुधारून पुन्हा पीडीएफ काढली की ते सर्व श्रम वाया जातात.

सुगम्य पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नेही मुद्रित व इलेक्ट्रॉनिक आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याचे तत्त्व स्वीकारले. तरीही सुगम्यतेचा विचार छपाईनंतर करण्याची प्रथा चालू राहिल्यास दोष एकट्या सॉफ्टवेअरचा ठरत नाही. युनिकोड मजकूर, शैलीबद्ध शीर्षके व आकृत्यांची वर्णने यांची अपेक्षा संपादकांनी हस्तलिखित स्वीकारतानाच ठेवली पाहिजे. अन्यथा महाविद्यालयीन नियतकालिकांतील संशोधन त्याच महाविद्यालयातील अंध विद्यार्थ्याला अप्राप्य राहते. ज्ञानप्रसाराच्या उद्दिष्टाशी ही बाब विसंगत आहे.