सेरेंगेटीचा चित्रसंग्रह

ग्रंथाचें परीक्षण करावयाचें म्हणजे त्याला एक कर्ता असतो, आरंभ असतो, शेवट असतो, आणि टीकाकाराला बोट ठेवावयास कोठें तरी जागा सांपडते. ज्या संग्रहाविषयीं आज आम्ही लिहीत आहों त्याला यांतलें कांहींच नाहीं. टांझानियांतील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानांत २०१० सालीं आपोआप चित्र घेणारे कॅमेरे मांडण्यास आरंभ झाला. त्यांची संख्या २२५ झाली. आणि त्यांनीं टिपलेलीं चित्रें २०१२ च्या डिसेंबरांत 'स्नॅपशॉट सेरेंगेटी' या नांवानें इंटरनेटवर सर्व जगापुढें ठेवण्यांत आलीं. जनावरांच्या चित्रांची आज कोणास वाण नाहीं. सिंह म्हटला कीं हातांतल्या फोनवर हजार सिंह उभे राहतात. परंतु तो ढीग झाला. चित्र कोठें, केव्हां आणि कशासाठीं घेतलें हें ज्याच्या मागें नोंदलेलें आहे तो संग्रह. आणि या अर्थानें सेरेंगेटीचीं चित्रें परीक्षणास पात्र आहेत असें आम्हांस वाटतें.

मूळ योजना मिनेसोटा विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा स्वॉन्सन यांची. सिंह, तरस, बिबळ्या आणि चित्ता हे शिकारी एकाच रानांत कसे नांदतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठीं ११२५ चौरस किलोमीटरांचा प्रदेश बुद्धिबळाच्या पटासारखा आंखून, पांच पांच चौरस किलोमीटरांच्या प्रत्येक घरांत एक कॅमेरा, झाडाला किंवा लोखंडी खांबाला, जमिनीपासून सुमारें अर्ध्या मीटरावर बांधण्यांत आला. समोरून उष्ण अंगाचें कांहीं हाललें कीं तो जागा होतो, आणि दिवसा एका दमांत तीन चित्रें घेतो. दबा धरून बसलेला, उजेडाची वाट पाहणारा, 'हें चित्र चांगलें उतरेल' असें मनांत म्हणणारा मनुष्य येथें नाहींच.

चित्रांवर याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला आहे. पाठ्यपुस्तकांतलें जनावर नेहमीं आडवें उभें राहून चारही पाय दाखवितें. आमच्या पिढ्यांनीं जनावरें शिकलीं तीं अशा आज्ञाधारक जनावरांवरून. सेरेंगेटीच्या संग्रहांत प्राणी पुष्कळदां तुकड्यांनींच भेटतो. एखादा कान, शेपटीचा गोंडा, झेब्र्याची नुसती कूस, कॅमेऱ्यालाच हुंगूं पाहणाऱ्या तरसाची नाकपुडी. प्रथम कंटाळा येतो. पुढें पुढें मात्र रानांत जनावर खरोखर असेंच दिसतें, हें ध्यानांत येऊन कंटाळ्याची जागा सावधपणा घेतो. एका कानावरून प्राणी ओळखावयाचा म्हणजे तो कान नीट पाहावाच लागतो. सुंदर चित्रांचीं पुस्तकें हा श्रम वाचवितात, आणि त्यांचा दोषही तोच.

याहून विशेष गोष्ट रिकाम्या चित्रांची. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय वृत्तांताप्रमाणें सुमारें १२ लाख चित्रसंचांपैकीं ३,२२,६५३ संचांतच प्राणी होता. म्हणजे चारांतले जवळ जवळ तीन संच रिते: तापलेलें गवत वाऱ्यानें हाललें, आणि यंत्र फसलें. कोणत्याही प्रकाशकानें हा केर बाहेर टाकला असता. येथें तो राखून ठेवला आहे, आणि तें आम्हांस या संग्रहाचें सर्वांत प्रामाणिक अंग वाटतें. कॅमेरा त्या दिवशीं चालू होता आणि प्राणी आला नाहीं, ही देखील नोंदच आहे. 'येथें तरस दिसतो' या विधानाला वजन येतें तें 'तेथें दिसत नाहीं' हें सांगतां येतें म्हणून. पण कॅमेऱ्याच्या जागेचाही पक्षपात असतोच, हें वाचकानें विसरूं नये. उघड्या माळावर जेथें एखादें झाड, तेथें कॅमेरा बांधणें सोईचें, आणि सिंहालाही दुपारीं सावली तेथेंच!

आतां नांवें कोणीं ठेवलीं? हें काम २८ हजारांहून अधिक हौशी लोकांनीं घरबसल्या केलें. त्यांनीं दिलेले निर्णय १ कोटि ८ लाख. पहिल्या पांचहि जणांनीं 'कांहीं नाहीं' म्हटलें कीं संच बाजूस जाई. दहा जणांचें एकाच नांवावर मत पडलें कीं तो मिटे. नाहीं तर पंचवीस जणांपर्यंत फिरे, आणि ज्या नांवाला अधिक मतें तें ठरे. मताधिक्यानें प्राणी ठरविण्याची ही रीत ऐकून पंडितांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण तज्ज्ञांनीं पाहून ठेवलेल्या ४,१४९ संचांशीं ताडून पाहतां ९६.६ टक्के संचांत लोकांचें नांव बरोबर निघालें. शिवाय मतें किती फुटलीं याचा आंकडाही नोंदींत ठेवला आहे, म्हणजे वादग्रस्त नांव वादग्रस्त म्हणूनच पुढें येतें. आमच्या कित्येक कोशांना एवढी सचोटी साधलेली नाहीं.

एका गोष्टीबद्दल मात्र आमचा स्पष्ट मतभेद आहे. पाहणाराला नांवांची यादी दिलेली, 'कांहीं नाहीं' म्हणण्याची सोय दिलेली. 'मला ठाऊक नाहीं' म्हणण्याची सोय दिलेली नाहीं. चालकांचा युक्तिवाद असा कीं साशंक तर्कांतूनही कांहीं माहिती मिळते, आणि पुष्कळ तर्क एकत्र केले कीं सत्य वर येतें. गणिताच्या दृष्टीनें हें खरें असेल. पण ज्या मुलाच्या हातीं आपण हा संग्रह देतों त्याला पहिला धडा मिळतो तो असा, कीं ठाऊक नसलें तरी कांहीं तरी उत्तर ठोकून द्यावें. हें आमच्या शाळांतून त्याला पुरेसें शिकवितातच. त्यासाठीं सेरेंगेटीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आणि गणिताचा कौलही सर्वस्वीं चालकांच्या बाजूचा नाहीं: चुका अधिक निघाल्या त्या विरळ प्राण्यांतच. जो प्राणी क्वचित् येतो तो यावा अशी पाहणाराची इच्छा असते, आणि इच्छेला संध्याकाळच्या अंधुक चित्रांत गेंडा दिसावयास वेळ लागत नाहीं.

मूळ प्रश्नाचें काय झालें, असें वाचक विचारतील. चित्ता सिंहाच्या भयानें त्याचा सगळा मुलूखच सोडून देत असावा, अशी समजूत होती. चित्रांनीं निराळें सांगितलें. चित्ते सिंहांच्याच प्रदेशांत वावरतात. सिंह नुकताच ज्या जागेवरून गेला ती जागा मात्र ते कांहीं तास टाळतात. ही गोष्ट एका चित्रांत दिसणें शक्य नाहीं, आणि सिंह व चित्ता एकत्र असलेल्या चित्रांत तर नाहींच. ती दिसते सिंहाच्या चित्राची वेळ आणि चित्त्याच्या चित्राची वेळ यांतील अंतरांत. चित्रसंग्रहानें ग्रंथाच्या बरोबरीला बसावें तें अशा ठिकाणीं.

चित्त्याचें नांव निघालें म्हणून सांगतों. हा शब्द इंग्रजीनें आपल्याकडून नेला, आणि जनावर आपल्याकडून गेलें. विसाव्या शतकांत शिकारीसाठीं कोल्हापूर संस्थानाला चित्ते आफ्रिकेंतून आणवावे लागत; २०२२ सालीं मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडलेले पहिले चित्तेही आफ्रिकेंतले, नामिबियाचे. मराठींत अजून बिबळ्याला सर्रास चित्ता म्हणतात. दोघांचीं चित्रें शेजारीं ठेवून डोळ्यापासून ओठापर्यंत उतरलेली काळी रेघ दाखवावी. ती चित्त्याला असते, बिबळ्याला नसते. एवढ्यापुरता तरी हा संग्रह आमच्या घरांत उपयोगी पडेल.

२०१८ सालीं या चित्रांचा एक नवा उपयोग झाला. लोकांनीं नांवें दिलेल्या ३२ लाख चित्रांवर संगणकाला शिकविण्यांत आलें, आणि ९९.३ टक्के चित्रांचें काम तो लोकांइतक्याच अचूकपणें करूं शकतो असें दिसून आलें. आठवड्याला चाळीस तास बसणाऱ्या मनुष्याचीं आठांहून अधिक वर्षें यानें वांचतात. वांचोत बापडीं, मोजणी करणाऱ्याला तीं हवींच आहेत. पण त्याच वर्षीं अमेरिकेंतील दुसऱ्या चित्रांवर सारा बीरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं ओळखीच्या जागेवर हुशार ठरलेलें यंत्र नव्या जागेवर नेलें कीं पुष्कळ अधिक चुकतें. कॅमेरा वर्षभर एकाच झाडाकडे पाहत असतो. यंत्र जनावराबरोबर तें झाडही पाठ करतें. घोकंपट्टीचा हा प्रकार आम्हांला कांहीं नवा नाहीं.

आपल्याकडे असें काम नाहीं काय? आहे, आणि परंपराही जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानें तारेला पाय लागतांच वाघ स्वतःचेंच चित्र घेईल अशी युक्ति योजून १९२७ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. २०१८ च्या व्याघ्रगणनेंत ताडोबा-मेळघाटासह देशभर २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लागले. चित्रें ३ कोटि ४८ लाखांवर निघालीं, त्यांत वाघाचीं ७६,६५१. दर वाघाचे पट्टे निराळे, त्यावरून वाघ मोजले गेले. हा साठा सेरेंगेटीसारखा घरोघर उघडलेला नाहीं. वाघ नेमका कोठें हिंडतो हें चोरट्या शिकाऱ्याच्या हातीं पडणें कोणास परवडणार? तेव्हां वाघाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्याच कॅमेऱ्यांपुढून सांबर, भेकर, साळिंदर, अस्वलही जातात. स्थळ झांकून त्यांचीं चित्रें, रित्या चित्रांसकट, शाळांना देण्यास काय हरकत असावी तें आम्हांस कळत नाहीं. तीं द्यावींत, आणि यादींत साळिंदराला साळिंदरच म्हणावें. 'ठाऊक नाहीं' ही एक जागाही त्या यादींत असावी.