भावी गरजा आणि हिवरे बाजारचा हिशेब

राष्ट्रीय शिक्षण धोरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी संमती दिली. त्या मसुद्याचा हेतू उदार आहे, यात शंका नाही. उद्या कोणते व्यवसाय टिकतील हे आज सांगता येत नाही, यास्तव मुलांस केवळ विषय न शिकविता शिकावे कसे हे शिकवावे, असे तो सांगतो. सहावी ते आठवीच्या काळात विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी शिकावे, ही त्यातील सूचनाही आम्हांस आवडली.

तथापि या धोरणात एक उणीव आहे. भविष्य जणू बाहेरून चालून यावयाचे आणि विद्यार्थ्याने त्यास अनुरूप व्हावयाचे, अशी त्याची बैठक आहे. दहा दिवसांत पटाशी कशी धरावी हे कळेल. परंतु गावच्या सुताराचे काम का आटले, हे कळावयास गावच अभ्यासावे लागते.

असा अभ्यास नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने केला. १९९० च्या सुमारास वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पुढे कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. शेतीसाठी कूपनलिका आणि उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य ठरली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम राखावयाचे, मग पिके ठरवावयाची, हा तेथील शिरस्ता. ज्या ग्रामसभेत हा हिशेब मांडला जातो, तीच आमच्या मते गावची खरी पाठशाळा होय. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र तेथे एकत्र नांदतात. भावी गरज तेथे कोणी भाकीत करून सांगत नाही. ती मोजली जाते.

परंतु स्तुतीच्या भरात दोष झाकणे हे टीकाकाराचे काम नव्हे. त्या गावात सुमारे तीस वर्षे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत असे. मतदानाचा प्रसंग आला तो २०२१ साली. एकमत हे गावाचे बळ खरे. पण विरोध सभ्यपणे कसा मांडावा, हे तरुणाने मग कोठे शिकावे? शिवाय ज्या मुलीचे मन वेधशाळेत किंवा न्यायालयात रमेल, तिची भावी गरज गावच्या ताळेबंदात मावणार नाही. गावाने पाण्याचा वाटा ठरवावा, मुलीच्या आयुष्याचा नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, धोरणाने हिवरे बाजारपासून मोजण्याची सवय घ्यावी आणि गावांनी धोरणापासून निवडीची मोकळीक घ्यावी. ते दहा दिवस आपल्याच गावच्या विहिरी मोजण्यात आणि ते आकडे ग्रामसभेपुढे वाचण्यात गेले, तर मुलांस उद्याची चाहूल लागेल. आणि वडीलधाऱ्यांस त्यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील, हा लाभही थोडा नव्हे.