फाइनमन यांचे व्याख्यान : जन्मदाखला की प्रश्नपत्रिका?

नॅनोतंत्रज्ञानाची ओळख करून देणाऱ्या लेखांत 29 डिसेंबर 1959 ही तारीख बहुधा भेटतेच. त्या दिवशी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘तळाशी भरपूर जागा आहे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले आणि तेथे हे शास्त्र जन्मले, असे आपण वाचतो. वर्गातही तसेच सांगतो. मूळ व्याख्यान मात्र फारसे वाचले जात नाही. वाचले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. ते व्याख्यान त्याच्या कीर्तीपेक्षाही सरस आहे, आणि त्याच्याभोवती रचलेला इतिहास मात्र कच्चा आहे.

व्याख्यानाचे बळ आहे साध्या गणितात. विश्वकोशाचे 24 खंड टाचणीच्या डोक्यावर लिहिता येतील का, असा प्रश्न फाइनमन विचारतात. डोक्याचा व्यास इंचाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर. तो 25,000 पट वाढवला तर 40 मीटर होतो. हे गणित आपल्याला शाळेच्या मैदानावर करता येते. 20 मीटर दोरी घेऊन फक्कीने वर्तुळ आखावे. क्षेत्रफळ सुमारे 1,250 चौरस मीटर भरेल. एका खंडाची 1,000 पृष्ठे आणि पृष्ठ 20 गुणिले 25 सेंटिमीटरचे धरले, तर 24 खंडांना 1,200 चौरस मीटर लागतात. बसले! आता छपाईचा बारीक ठिपका 25,000 पट लहान करा. तो सुमारे 8 नॅनोमीटरचा होतो आणि त्याच्या रुंदीत तीसेक अणू मावतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, ही व्याख्या पाठ करण्याऐवजी अशी उमजते.

व्याख्यानाची दुबळी बाजूही आहे. मोठ्या यांत्रिक हातांनी लहान हात बनवावेत, त्यांनी आणखी लहान, ही त्यांची वाट पुढे कोणी फारशी चालले नाही. इतक्या लहान मापात वस्तू एकमेकींना चिकटतात, ही अडचण त्यांनी स्वतःच सांगितली होती. इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावणाऱ्या विद्युत मोटारीसाठी त्यांनी 1,000 डॉलरचे बक्षीस लावले. 1960 मध्ये विल्यम मॅक्लेलन यांनी ते चिमट्यासारख्या हातच्या हत्यारांनी आणि सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने जिंकले. त्यासाठी नवे तंत्र लागलेच नाही. लहान अक्षरांचे दुसरे बक्षीस टॉम न्यूमन यांना मिळायला 1985 उजाडले.

आता जन्मदाखल्याकडे येऊ. ‘नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्द त्या व्याख्यानात नाही. तो 1974 मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी वापरला आणि 1986 मध्ये एरिक ड्रेक्सलर यांच्या पुस्तकाने सर्वतोमुखी केला. अणू ‘दाखवणारा’ टनेलिंग सूक्ष्मदर्शक 1981 मध्ये झुरिकला बिनिग आणि रोहरर यांनी बनवला. त्या वेळी फाइनमन यांचे व्याख्यान आपल्याला ठाऊक नव्हते, असे रोहरर यांनी नंतर सांगितले. म्हणजे मूळपुरुष मागाहून नेमला गेला. 2000 मध्ये अमेरिकेने या विषयावर मोठा सरकारी कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा ही नेमणूक पक्की झाली.

‘कुठून सुरुवात केली तरी काय बिघडले?’ असे कोणी विचारील. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांपुरते बोलायचे तर बरेच बिघडते. 1959 पासून सांगितलेल्या गोष्टीत परदेशी प्रयोगशाळा आणि महागडी यंत्रे एवढेच उरते. एटापल्लीच्या किंवा नागभीडच्या मुलाने त्यातून एकच धडा घ्यायचा : हे आपले काम नव्हे.

हीच गोष्ट 1857 पासून सांगून पाहा. त्या वर्षी मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारद्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा लाल द्रव मिळवला. त्यातून प्रकाशझोत सोडला तेव्हा झोताची वाट उजळली. द्रवात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत आणि रंग कणांच्या आकारावर अवलंबून आहे, हे त्यांनी कण न पाहता ताडले. हा झोत आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. कवेलूच्या फटीतून येणारा कवडसा चुलीच्या धुरात असाच दिसतो. वर्गात अंधार करून पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाका आणि बाजूने टॉर्च लावा. वाट उजळते, मिठाच्या स्वच्छ पाण्यात उजळत नाही. दुधातील केसीनचे कण साधारण 100 ते 200 नॅनोमीटरचे, म्हणजे 100 नॅनोमीटर या रूढ मर्यादेच्या जरा वरचे असतात, हेही सांगावे.

दुसरा प्रयोग मालगुजारी तलावातल्या कमळाच्या किंवा परसातल्या धोप्याच्या पानाचा. पाण्याचा थेंब त्यावरून मोत्यासारखा घरंगळतो. मग त्याच जागी बोट घासून पुन्हा थेंब टाका; आता तो चिकटतो. पान तेच, मग बदलले काय? कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर नॅनो मापाचे मेणाचे कण असतात. त्यांचे कार्य जर्मनीतील बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये उलगडले.

मात्र एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊ नये. शेजारच्या तेलंगणात कोनासमुद्रमला बनणारे वूट्झ पोलाद प्रसिद्ध होते. अशा पोलादाच्या दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या आढळल्याचे ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून ‘आपल्याकडे हे शास्त्र आधीच होते’ असे सांगणे म्हणजे पुन्हा एक जन्मदाखला बनवणेच. त्या कारागिराचे कसब थोर होते. पण घडते ते का घडते, याची चाचणी घेत जाणे ही वेगळी गोष्ट, आणि शाळेला शिकवायची आहे ती तीच.

म्हणून फाइनमन यांचे व्याख्यान वर्गात जरूर न्यावे, पण प्रश्नपत्रिका म्हणून. पहिला प्रश्न मैदानावर सोडवावा, दुसरा पेल्यात, तिसरा पानावर. तारीख शेवटी सांगितली तरी चालेल.