कोणता महोत्सव, कोणता प्रहर

युरोपातले संगीतरसिक उन्हाळ्याचा बेत हिवाळ्यातच आखतात. बायरॉइटला जायचे तर वाग्नरची संगीतनाटके ऐकायला; 1876 मध्ये तो महोत्सव सुरू झाला तोच त्यासाठी. साल्झबुर्गला (1920 पासून) कोणता ऑपेरा, कोणत्या तारखेला, कोणाच्या संचालनाखाली, हे कित्येक महिने आधी छापून येते. लंडनच्या प्रॉम्सला, 1895 पासूनच्या प्रथेप्रमाणे, स्वस्तात उभ्याने ऐकता येते. ऐनवेळी गेलात तरी त्या संध्याकाळी कोणती सिंफनी आहे ते ठाऊक असते. कृती आधीच ठरलेली असल्यामुळे माणूस तिच्यावरून गाव निवडतो.

आपल्या पत्रिकेवर कलावंताचे नाव असते, वाद्याचे असते, साथीदारांची असतात. राग नसतो. तानपुरे जुळेपर्यंत तो बहुधा कळत नाही आणि काही वेळा गाणाऱ्यानेही तो विंगेत बसल्या बसल्या ठरवलेला असतो. मग मुंबईहून किंवा नागपुरातून कोणी विचारले की वर्षाकाठी एकच महोत्सव जमणार आहे, कुठे जाऊ, तर उत्तर कशावरून द्यायचे? नावांवरून देण्यात अर्थ नाही, कारण तीच वीस-पंचवीस नावे सगळीकडे फिरतात. हल्ली मी एवढेच विचारतो : किती वाजताचे गाणे ऐकायचे आहे?

मराठी माणसाचे पहिले उत्तर सवाई गंधर्व हेच असते, आणि ते चुकीचे नाही. 1953 पासून पुण्याने या महोत्सवात एक श्रोतृवर्ग घडवला. तिथे विलंबित ख्यालाला माणसे कंटाळत नाहीत, समेला माना हलतात, आणि चहाच्या टपरीवर निषादावरून भांडणे होतात. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. शेवटच्या रात्रीची सकाळ होई, भीमसेन जोशी गायला बसत आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेने सांगता होई. पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आले, 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मैदानाशेजारच्या घरातल्या आजारी माणसालाही झोप हवी असते. महोत्सवाने दिवस वाढवले, कार्यक्रम दुपारी सुरू केला, एखाद्या दिवशी बारापर्यंतची मुभा मिळवली. कलावंतांची संख्या त्यामुळे राखता आली. प्रहर मात्र गेले.

काय गेले ते मोजून पाहावे. दुपारी तीन ते रात्री दहा या वेळात भीमपलास, मुलतानी, पूरिया, मारवा, यमन, फार तर केदार आणि बिहाग बसतात. मालकंस, दरबारी, अडाणा, सोहनी, ललित, भटियार बाहेर राहतात. काही जण दरबारी साडेनऊलाच उरकतात. स्वर तेच लागतात, आंदोलित गंधारही लागतो. पण मांडवात लोक नुकतेच वडापाव संपवून जागेवर आलेले असतात, आणि दरबारीला लागणारी जडता तिथे कोणाच्याच अंगात उतरलेली नसते.

यात एक गंमत आहे. रागांच्या वेळा परंपरेने होत्याच, पण त्यांना शिस्तीने बांधणारा माणूस मराठी होता. विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीतच, गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिली. पूर्वांग-उत्तरांगाचा हिशेब, संधिप्रकाश राग, तीव्र मध्यम येताच दिवस कसा कलतो, हे सारे आज विद्यार्थी पाठ करतात ते त्यांच्या मांडणीतून. त्यांच्या पुढाकाराने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी तिसरी 1919 मध्ये काशीलाच झाली. घड्याळ मराठीत लिहिले गेले. ते ऐकायचे तर आता काशीला जावे लागते.

काशीचा उन्हाळी महोत्सव म्हणजे संकटमोचन संगीत समारोह. महंत अमरनाथ मिश्र यांनी तो 1923 मध्ये सुरू केला. 2023 मध्ये शंभरावा झाला. हनुमान जयंतीनंतर चार-पाच दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या काहिलीत, सुमारे सहा रात्री तो चालतो. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. चपला बाहेर आणि तुम्ही आत. कलावंत इथे बिदागीसाठी येत नाहीत. हनुमानाच्या दारी हजेरी लावायची म्हणून येतात, आणि ‘हाजिरी’ हाच तिथला शब्द आहे. पंडित जसराज वर्षानुवर्षे आले. 2006 च्या मार्चमध्ये या मंदिरात बॉम्बस्फोट झाला, माणसे मेली. गाणे थांबले नाही. 2015 मध्ये गुलाम अली इथे गायले.

समीक्षकाने भारावून जाऊन भागत नाही, म्हणून उणिवाही सांगतो. एका रात्रीत सात-आठ कलावंत बसवलेले असतात. मध्ये नृत्य येते, स्वागत-सत्कार होतात, वेळापत्रक घसरते. कोणाच्या वाट्याला सव्वा तास आला तर तो नशीबवान. दहा मिनिटांच्या आलापानंतर द्रुतकडे धाव, मग तबल्याशी सवालजवाब, शेवटी एखादे हनुमानाचे पद, असा साचा फार वेळा दिसतो. बनारसी श्रोता दाद देतो ती ‘हर हर महादेव’च्या गजराने. अंगावर काटा येतो हे खरे, पण तो गजर तिहाईला जितका उठतो तितका मींडेला उठत नाही. गंधारावर कोणी अर्धा मिनिट थांबले तर पुण्यात शेजारचा माणूस हळूच ‘वा’ म्हणतो. इथे त्या अर्ध्या मिनिटात कोणीतरी मोबाइल वर धरतो. पहिल्या दोन-तीन बैठका तर जत्रेतल्याच वाटतात.

पण एक-दीडनंतर चित्र बदलते. नामवंतांना पाहायला आलेली गर्दी घरी जाते. अंगणातल्या फरशीवर निम्मे लोक आडवे झालेले असतात, आणि जे बसलेले असतात ते ऐकायलाच बसलेले असतात. एका वर्षी साडेतीनच्या सुमारास एका तरुण गायकाने ललित घेतला. आवाज काही फार मोठा नव्हता, आणि पत्रिकेत त्याचे नाव दोन वजनदार नावांच्या मध्ये दडपलेले होते. त्याने दोन्ही मध्यम एकामागून एक लावले तेव्हा माझ्यापुढे झोपलेल्या म्हाताऱ्याने डोळे न उघडता हात वर केला. पंचम नाही म्हणून येणारी ती अधांतरी अवस्था मी ध्वनिमुद्रिकांवर कितीदा ऐकली होती. त्या रात्री ती माझ्याही अंगात होती : झोप धड येत नव्हती, जाग धड राहत नव्हती. समयसिद्धांतात निसर्गनियम आहे असे मी मानत नाही. कर्नाटक संगीत मैफलीत रागाची वेळ फारशी पाळत नाही आणि त्याचे काही अडत नाही. पण शतकभर एका परंपरेने अमुक स्वर अमुक थकव्यासाठी राखून ठेवले असतील, तर तो थकवा नसलेल्या श्रोत्याला राग अर्धाच पोचतो.

सावकाश आलाप हवा असेल, तर मात्र एप्रिलऐवजी महाशिवरात्रीला जावे. तुलसी घाटावरचा ध्रुपद मेळा 1975 पासून भरतो. काशीनरेश विभूतिनारायण सिंह आणि संकटमोचनचे महंत वीरभद्र मिश्र यांनी तो उभा केला. तिथेही रात्रच असते, शिवाय नदीवरची थंडी. दर्जा सारखा नसतो. परदेशी शिष्यांना आणि नवशिक्यांना मोकळेपणाने वेळ मिळतो, आणि त्यातले काही पखवाजाशी कुस्ती खेळल्यासारखे गातात. पण चांगला रुद्रवीणावादक बसला की जोड यायलाच पाऊण तास जातो आणि कोणी घड्याळ पाहत नाही. झिया मोहिउद्दीन डागरांचे गुरुकुल आपल्या पनवेलजवळच्या पळस्प्याचे, तरी डागरबानी रात्रभर ऐकायला आपण गंगेकाठी जातो, हे जरा ओशाळवाणेच.

कार्तिकातल्या गंगा महोत्सवाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो सरकारी आहे, मंच मोठा आहे, आणि लोक आलेले असतात देवदिवाळीचे दिवे पाहायला. ज्यांना रात्र झेपत नाही त्यांनी त्याऐवजी अस्सी घाटावर ‘सुबह-ए-बनारस’ला जावे. 2014 पासून तिथे रोज पहाटे आरतीनंतर कोणी ना कोणी सकाळचा राग गातो किंवा वाजवतो. कलावंत बहुधा स्थानिक असतो. एखाद्या दिवशी भैरव साधाच होतो. पण तो सूर्य उगवताना होतो.

तेव्हा विचारणाऱ्याला माझे उत्तर असे : ऐकायला शिकायचे असेल तर आधी दोन-तीन वर्षे पुणे. मग एका एप्रिलमध्ये काशी. सहाही रात्री जागू नका. मी ते केले आहे, आणि पाचव्या रात्री कोण काय वाजवत होते ते मला आठवत नाही. मधल्या दोन रात्री निवडा. दुपारी पडदे ओढून झोपा, संध्याकाळची गर्दी टाळा, साडेबाराला लंक्याच्या बाजूने चालत या. त्या वेळी आत शिरायला जागा मिळते, आणि बसायला खांबही.