‘दाटी’ आणि ‘चेंगराचेंगरी’ : एक अर्थविचार

‘दाटी’, ‘गर्दी’, ‘झुंबड’ हे शब्द सामान्यतः समानार्थी मानले जातात. व्यवहारात मात्र ‘दाटी’चे क्षेत्र वेगळे आहे. ‘दाटणे’ ही भरून येण्याची क्रिया होय. आभाळ दाटते, धुके दाटते, कंठ दाटतो. त्यात कोणी कोणाला लोटत नाही. दाटीवाटीने बसलेल्या पंगतीत अडचण असते, तशी आपुलकीही असते. (‘गर्दीने जेवायला बसलो’ असे कोणी म्हणत नाही.)

‘चेंगराचेंगरी’ची घडण निराळी आहे. मारामारी, ओढाओढी, ढकलाढकली यांप्रमाणे हे द्विरुक्त रूप परस्परक्रिया सुचविते. म्हणजे चेंगरणारे आणि चेंगरले जाणारे एकच ठरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील तत्कालीन एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर २३ जणांचा बळी गेला. वृत्तपत्रांनी सर्रास हाच शब्द योजला. जिन्याची अपुरी रुंदी त्या शब्दात कोठेच येत नाही. कर्तेपण मृतांकडे जाते. ‘दाटी’ने निदान जागेचा प्रश्न उपस्थित झाला असता, पण घटनेची भीषणता त्या सौम्य शब्दाला पेलणारी नाही. त्यापेक्षा ‘जिन्यावर चेंगरून मृत्यू’ ही साधी रचना न्याय्य वाटते. तीत जिना वाक्यातच राहतो, आणि कोणी चेंगरले हा प्रश्न मोकळा राहतो.