कष्टप्रद पाळी आणि साधनांची नावे : एक परिभाषाचिकित्सा

१

साधनाला दिलेले नाव पुष्कळदा ते साधन कोणासाठी आहे हेही ठरवून टाकते. संततिनियमनाच्या साधनांच्या बाबतीत मराठीत ही गोष्ट विशेष प्रकर्षाने घडलेली दिसते. ही साधने केवळ गर्भधारणा टाळण्यासाठी असतात, हा समज त्यांच्या नावांतच मुरलेला आहे. वस्तुतः अतिरिक्त रक्तस्राव, ओटीपोटातील असह्य कळा, अनियमित पाळी या तक्रारींवर त्यांतील काही साधने उपचार म्हणून योजली जातात. ज्यांच्यापुढे संततीचा प्रश्नच नाही अशा स्त्रियांनाही ती दिली जातात. अशा स्त्रीला जो निर्णय घ्यावयाचा असतो, तो दोन शब्दसमूहांच्या आधारे घ्यावा लागतो. एक तिच्या दुखण्याचे वर्णन करणारा आणि दुसरा उपायांना नावे देणारा. या दोहोंची तपासणी केली असता असे दिसून येते की, पहिला अपुरा आहे आणि दुसरा दिशाभूल करणारा आहे.

२

प्रथम दुखण्याच्या शब्दांचा विचार करू. 'पाळी' हा मूळचा क्रमवाचक शब्द. शेताला पाणी देण्याची पाळी, गिरणीतील रात्रपाळी, या प्रयोगांत तो अर्थ अद्याप स्पष्ट आहे. त्यामुळे या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही कालवाचकच आहेत : पाळी येते, लांबते, चुकते, जाते. 'पाळी चुकली' म्हणजे दिवस राहिल्याची शंका. 'पाळी गेली' म्हणजे वय झाले. रक्त किती गेले हे यांपैकी एकाही प्रयोगातून कळत नाही.

दुसरा गट आहे 'बाहेर बसणे', 'बाजूला बसणे', 'कावळा शिवणे', 'विटाळ' अशा प्रयोगांचा. हे शब्द स्थान आणि स्पर्श यांविषयी बोलतात. स्त्री घरात कोठे बसली आहे आणि तिला कोणी शिवावयाचे नाही, एवढेच ते सांगतात. तिला काय होत आहे हे सांगत नाहीत. शिवाशिव पुष्कळ घरांतून गेली, पण तिने घडविलेले मौन शब्दांत टिकून राहिले.

परिमाण सांगू पाहणारा प्रयोग म्हणजे 'अंगावर जाणे'. परंतु 'अंगावरून पांढरे जाणे' हाही त्याच घडणीचा प्रयोग असल्याने 'अंगावर फार जाते' एवढ्या वाक्यातून श्वेतप्रदर समजावा की रक्तस्राव, हे ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते. 'अत्यार्तव' आणि 'कष्टार्तव' हे संस्कृतोद्भव शब्द नेमके आहेत यात शंका नाही. मात्र ते वैद्याच्या कागदावर राहतात, रुग्णाच्या तोंडी येत नाहीत.

हा अपुरेपणा केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर स्राव अतिरिक्त समजत. प्रत्यक्षात कोणी रक्त मोजीत नाही. म्हणून २००७ सालच्या ब्रिटिश वैद्यकीय मार्गदर्शिकेने व्याख्याच पालटली : स्त्रीच्या शारीरिक, सामाजिक वा मानसिक जीवनात व्यत्यय आणणारा स्राव तो अतिरिक्त. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ साली जुनी ग्रीक-लॅटिन घडणीची अनेक नावे संदिग्ध म्हणून टाकून द्यावीत असे सुचविले. म्हणजे वैद्यकाचे माप आता नळीतून रुग्णाच्या वाक्यात आले आहे. ज्या भाषेत ते वाक्य सहज तयार होत नाही, त्या भाषेत रोगाचे मापही सहज होत नाही.

३

आता उपायांच्या नावांकडे वळू. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत आपले केंद्र उघडले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्या काळात 'संततिनियमन' हा शब्द मुक्तिदायक होता; जे दैवाधीन मानले जाई ते माणसाच्या हाती आहे असे तो सांगत होता. पुढे १९५२ साली शासकीय कार्यक्रम सुरू झाला आणि 'कुटुंबनियोजन' रूढ झाले; १९७७ नंतर 'कुटुंबकल्याण' आले. औषधांच्या वेष्टनावर 'गर्भनिरोधक' हा शब्द स्थिरावला. या समासांची फोड केली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांत संतती आहे, कुटुंब आहे, गर्भ आहे. जिच्या शरीरात हे औषध जावयाचे ती स्त्री मात्र कोणत्याच पदात नाही. तिचे स्वतःचे दुखणे या नावांत बसू शकत नाही, कारण तिला तेथे जागाच ठेवलेली नाही.

इतिहास याच्या उलट आहे. पहिली गर्भनिरोधक गोळी म्हणून जिची ख्याती झाली त्या 'एनोव्हिड'ला अमेरिकेत प्रथम मान्यता मिळाली ती १९५७ साली, आणि तीही पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून. गर्भनिरोधनासाठी मान्यता १९६० साली मिळाली. उपचार आधी आणि निरोधन नंतर, असा हा क्रम होता. नावाने मात्र पहिला अर्थ पुसून टाकला.

याचा परिणाम अविवाहित मुलीच्या बाबतीत सर्वांत अधिक जाणवतो. दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला वैद्याने गोळी लिहून दिली, तर घरातील मंडळी दुखण्याकडे न पाहता वेष्टनावरील शब्दाकडे पाहतात, आणि तो शब्द आरोपासारखा वाचला जातो. याच घरात सत्यनारायणाच्या किंवा लग्नाच्या वेळी 'पाळी पुढे ढकलण्याची गोळी' विनासंकोच आणली जाते. तीही संप्रेरकाचीच असते. भेद आहे तो नावाचा, आणि कोणाच्या सोयीसाठी गोळी घेतली जाते याचा. धर्मकृत्यासाठी संप्रेरक चालते, वेदनेसाठी चालत नाही, या विसंगतीला शब्द साहाय्य करतो.

४

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'तांबी' या शब्दाचे आहे. तांबे गुंडाळलेले, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे साधन गर्भाशयात बसवितात. त्याला लोकभाषेने 'तांबी' हे नाव दिले. शब्द घरगुती, सुटसुटीत आणि त्या साधनापुरता यथार्थ आहे. अडचण पुढे आली. त्याच आकाराचे, परंतु तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक थोडे थोडे सोडणारे साधन १९९० साली फिनलंडमध्ये उपलब्ध झाले आणि नंतर इतरत्र पसरले. बोलीने त्यालाही तांबीच म्हणावयास आरंभ केला.

येथे आकारसादृश्याने केलेला अर्थविस्तार घातक ठरतो. तांब्याच्या साधनाने, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, रक्तस्राव व कळा वाढण्याचा संभव असतो. संप्रेरकाचे साधन गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते; पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, परंतु पुढे स्राव पुष्कळच घटतो आणि कित्येकींची पाळी थांबतेही. अमेरिकेत २००९ साली अतिस्रावावरील उपचार म्हणूनही त्याला मान्यता मिळाली. तेव्हा एकाच नावाखाली दोन साधने आहेत : एक दुखणे वाढवू शकणारे, दुसरे ते शमविणारे. 'तांबीने अंगावर फार जाते' हा शेजारणीचा अनुभव खरा असतो. मात्र तो ऐकून दुसरी स्त्री नेमके तिला उपयोगी पडणारे साधन नाकारते. उलटपक्षी, 'तांबीने पाळी कमी झाली' हे ऐकून एखादी तांब्याचे साधन बसवून घेते आणि पंडुरोग ओढवून घेते. चूक दोघींची नाही. शब्दाने त्यांना भेद करण्याची सोय ठेवली नाही.

गोळ्यांच्या बाबतीतही असेच आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले ऑर्मेलॉक्सिफेन १९९१ साली 'सहेली' या नावाने आले. शासकीय कार्यक्रमात आज ते 'छाया' या नावाने मिळते. अतिरिक्त रक्तस्रावावर हेच द्रव्य निराळ्या मात्रेत व निराळ्या नावाने दिले जाते. द्रव्य एक आणि नावे दोन, त्यामुळे एका कपाटात ते 'बायकांचे औषध' ठरते आणि दुसऱ्या कपाटात 'कुटुंबनियोजन'. मिश्र संप्रेरकाच्या गोळ्यांत २१ दिवसांनंतर जो स्राव होतो त्यालाही 'पाळी' म्हणतात. वस्तुतः तो संप्रेरक थांबविल्यामुळे होणारा स्राव असतो. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या 'अंतरा' इंजेक्शनाने अनेकींची पाळी बंद होते, तेव्हा 'रक्त आत साठते' अशी भीती व्यक्त होते. अस्तर पातळ राहिल्याने साठण्यासारखे काही नसते. परंतु औषधाने तात्पुरती थांबलेल्या पाळीला भाषेत स्वतंत्र नाव नाही. 'चुकली' म्हटले तर गर्भ सूचित होतो, 'गेली' म्हटले तर वार्धक्य.

५

या परिभाषेचा शेवटचा दुवा म्हणजे 'पिशवी'. गर्भाशय या शब्दात गर्भ आहे. पिशवी या शब्दात केवळ साठवण आहे. मुले झाली की पिशवीचे काम संपले, आणि काम संपलेली पिशवी काढून टाकता येते, असा तर्क रूपकातूनच निघतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली शासकीय समितीमार्फत पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे सर्व भाषेने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. डोक्यावरची उचल, खाड्याचा दंड, फडावर पाणी व आडोसा यांचा अभाव, कर्करोगाची दाखविलेली भीती ही कारणे उघड आहेत. तथापि ज्या स्त्रीपुढे 'कुटुंबनियोजन' आणि 'पिशवी काढणे' असे दोनच शब्द ठेवले जातात, तिला या दोहोंमध्ये उपचारांची एक मोठी पायरी आहे हे कळणार कसे?

६

यावर आक्षेप येऊ शकेल की, नावात काय आहे, वैद्य समजावून सांगतोच. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात समजावण्यास मिळणारा वेळ ध्यानी घेता हा आक्षेप टिकत नाही. जेथे स्पष्टीकरण तोकडे पडते तेथे नावच स्पष्टीकरणाचे काम करते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'पाळीचे औषध' असे नाव दिल्यास त्याचा निरोधक परिणाम झाकला जाईल आणि मूल हवे असणारी स्त्री फसेल. हा धोका खरा आहे. म्हणून एका अर्थाच्या जागी दुसरा अर्थ बसविणे हा उपाय नव्हे. दोन्ही अर्थ उघड ठेवणे हा उपाय होय.

यासाठी नवे संस्कृत शब्द घडविण्याचे कारण नाही. 'तांबी' हा शब्द तांब्याच्या साधनापुरताच राखावा आणि दुसऱ्याला 'संप्रेरकाचे साधन' असे साधे नाव द्यावे. प्रत्येक साधनाच्या माहितीत तीन गोष्टी क्रमाने सांगाव्यात : रक्तस्रावावर परिणाम काय, वेदनेवर काय, गर्भधारणेवर काय. ट्रॅनेक्झॅमिक आम्लासारखी औषधे स्राव घटवितात पण गर्भ रोखीत नाहीत. लवकर मूल हवे असणारीला हा भेद निर्णायक ठरतो. अर्धशिशीपूर्वी डोळ्यांपुढे लकाकी येणाऱ्या, उच्च रक्तदाबाच्या किंवा शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनयुक्त गोळी वर्ज्य असते, हेही त्याच पानावर यावे. आणि अतिस्रावामागे गाठ, थायरॉइडचा विकार वा रक्त न गोठण्याचा दोष आहे काय, हे साधन निवडण्यापूर्वी पाहिले पाहिजे, हे सर्वांच्या आधी यावे.

दुखणे सांगण्याचे शब्दही नव्याने शोधावयास नकोत. 'तासातासाला कपडा बदलावा लागतो', 'गाठी पडतात', 'रात्री दोनदा उठावे लागते', 'त्या दिवसांत कामाला जाता येत नाही' ही वाक्ये स्त्रिया आपसांत बोलतातच. वैद्यकाच्या आजच्या व्याख्येला हवे असलेले माप तंतोतंत हेच आहे. ही वाक्ये माजघरातून तपासणीच्या खोलीत येत नाहीत, कारण ती तेथे बोलण्याजोगी आहेत असे कोणी सांगितलेले नाही. प्रश्नावली व पुस्तिका तयार करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी प्रश्नरूपाने छापली, तर स्त्रीला तिच्याच भाषेत उत्तर देता येईल. परिभाषेची खरी कसोटी कोशात लागत नाही. जिला निर्णय घ्यावयाचा आहे तिला त्या शब्दांच्या आधारे साधनासाधनांतील भेद कळतो की नाही, यावर ती लागते. या कसोटीला आजची नावे उतरत नाहीत.