जलशाचे दोन प्रयोग आणि आपली समीक्षा

दलित साहित्याची चर्चा आपण बहुधा छापलेल्या पानावरून करतो. कविता, कथा, आत्मकथन यांना आपली समीक्षा ओळखते. भीमगीताला मात्र ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारते. वर्गात शिकवताना मीही बरीच वर्षे हेच केले. माझ्या आधी आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिले नव्हते, पण गाणी सगळ्यांना पाठ होती. तरीही पुस्तकातले ते साहित्य आणि आईच्या तोंडचे ते नुसते गाणे, ही वाटणी मी निमूट मान्य केली. ती चूक मला एका वृद्ध शाहिराने दाखवली.

जयंती १४ एप्रिलची. पण परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत ती मे महिन्यापर्यंत चालते. गायकाची तारीख मिळेल तेव्हा गाव जयंती करते. सत्तरी ओलांडलेल्या या शाहिराला एकाच दिवशी दोन सुपाऱ्या होत्या. दुपारी पूर्णेजवळ आणि संध्याकाळी गंगाखेडकडच्या एका गावी. पूर्वी एकच जलसा एका गावात रात्रभर रंगे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधन घातले. कार्यक्रम आखूड झाले आणि दिवसात दोन बसू लागले. मी त्यांच्याच जीपमध्ये होतो.

दुपारी त्यांनी वामनदादा कर्डकांचे एक गीत सगळ्या अंतऱ्यांसह, चढ्या सुरात म्हटले. रात्री तेच गीत आले तेव्हा आवाज बसला होता. पेटीवाल्याने सूर काळी दोनवरून काळी एकवर आणला. शाहिरांनी दोन अंतरे गाळले, एकाचा अर्थ बोलून सांगितला आणि ध्रुवपद झीलकऱ्यांवर सोपवले. थोड्या वेळाने ते झीलकऱ्यांकडूनही सुटले. ऊसतोडीवरून परतलेल्या, पुढे बसलेल्या बायांनी ते उचलले.

पुनरुक्ती हा काव्यदोष, असे प्रस्थापित समीक्षेने आपल्याला शिकवले. त्या रात्री मला पुनरुक्तीचे प्रयोजन दिसले. ध्रुवपद परत येते तेव्हा गायकाला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला वाटा मिळतो. एकट्या गळ्याला न पेलणारे ओझे दहा गळ्यांनी उचलावे, अशीच या गीताची बांधणी आहे. वामनदादांना (१९२२–२००४) अक्षरओळख मुंबईत, मोठेपणी झाली. वाचता न येणाऱ्या माणसाला गाणे कसे धरता येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसणार. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह आपण जरूर वाचावेत. पण पानावर गीताचा एकच पाठ असतो. मी एका दिवसात दोन ऐकले, आणि दुसरा, थकलेला पाठ मला अधिक पूर्ण वाटला.

तरी हे कौतुक इथेच थांबवले, तर ते ढोंग ठरेल. कार्यक्रम संपल्यावर मंडळातला एक तरुण म्हणाला, ‘दुपारच्या गावी जास्त गायले, इथे कमी, बिदागी थोडी कमी करू.’ शाहीर कोमट पाणी पीत होते. ते एवढेच बोलले, ‘लेकरा, दुपारी मी म्हणलो. आता तुमच्या मायांनी म्हणलं. कमी कुठं झालं?’

तो तरुण अंतरे मोजत होता. मी वर्गात प्रतिमा मोजत होतो. दोघांचे माप सारखेच चुकीचे.

शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. ‘गाता गाता मरण आले’ असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या निष्ठेला माझा प्रणाम आहे. पण शाहिराच्या मरणाचे गौरवगान करणाऱ्या समाजाने त्याच्या जगण्याचा हिशेबही मांडला पाहिजे. म्हाताऱ्या गायकाला दिवसात दुसरी सुपारी का घ्यावी लागते? झीलकऱ्याच्या आणि ढोलकीवाल्याच्या हातात किती पडते? पावसाळ्याचे चार महिने ते काय खातात?

हे प्रश्न साहित्याबाहेरचे आहेत, असे कोणी म्हणेल. ज्या गीताची रचनाच श्वासाच्या हिशेबाने झाली, त्याच्या समीक्षेला गाणाऱ्याचा श्वास वगळता येणार नाही. पुढच्या जयंतीला माझे विद्यार्थी वही घेऊन दोन्ही गावी जातील. कोणता अंतरा गाळला आणि ध्रुवपद कोणी उचलले, हे ते लिहितील. बिदागी किती ठरली आणि किती हातात पडली, हेही लिहितील.